रस्त्याच्या मधोमध आखाजी

आखाजीला लेकी माहेरी येतात, ही खानदेशातली रीत. मी मात्र त्या सणाला लेकीच्या सासरी गेले.

त्याचं झालं असं. माझी मुग्धा आणि जावई बंगळूरला नोकरीला. मुग्धाच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, जळगावात एकट्या राहतात. त्यांना सगळे इंदूअक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. आमच्या चिपळूणला अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस खायचा, जमलं तर गुंजभर सोनं घ्यायचं आणि दुपारी झोपायचं. खानदेशात तीच आखाजी होते आणि तिच्यापुढे दिवाळीसुद्धा अंग चोरून बसते, हे मला लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं. यंदा मुलांना सुट्टी नव्हती. अक्कांनी फोन केला, "सून येत नाही, तर सुनेच्या आईने तरी यावं." मी हसले, पण फोन ठेवता ठेवता त्या जे बोलल्या त्याने मी पिशवी भरायला घेतली.

"सरूची ही इथली शेवटची आखाजी. मग ती मुलाकडे सुरतेला जाणार, कायमची. मला यंदा तिच्या घरी पायी जायचंय. तुम्ही सोबत राहा."

सरू म्हणजे सरूबाई, अक्कांची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं घर अक्कांच्या गॅलरीतून दिसतं. मधे फक्त एक रस्ता. घर समोर आणि सोबतीला माणूस चिपळूणहून! मला गंमत वाटली. मी तो रस्ता अजून पाहिला नव्हता ना. मुग्धाचं लग्न पुण्यात झालं होतं आणि जळगावला जायचं आजवर राहूनच गेलं होतं.

धुळे

नाशिकहून आग्रा रोडने आलेल्या बसने मला भर दुपारी धुळ्यात उतरवलं. आमच्या कोकणात ऊन घामाबरोबर येतं, चिकटून बसतं. इथलं ऊन कोरडं. ते अंगाला लागत नाही, सरळ डोक्यात शिरतं. नाकातोंडाला पदर बांधलेल्या बायका बघून मला आधी वाटलं, काहीतरी साथ आली आहे. दहा पावलं चालल्यावर मीही पदर बांधला.

जळगावची गाडी लागायला वेळ होता, म्हणून जेवायला गेले. शेवभाजी मागवली. ताटात आली ती लाल तर्री आणि तिच्यात बुडालेली जाड शेव. पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, आणि तिसऱ्याला मी आणखी एक भाकरी सांगितली. नारळाशिवाय जेवण होतं, हे मी चिपळूणला कुणाजवळ बोलणार नाही.

बाहेर पडले आणि चपलेचा अंगठा तुटला. चांभार रस्त्याच्या पलीकडे. एक पाय चपलेत, दुसरा तापलेल्या डांबरावर, आणि गाड्या अशा धावत होत्या की जणू कुणाला थांबायची सवयच नाही. मी दोनदा पुढे झाले, दोनदा मागे आले. शेजारी डोक्यावर डांगरांची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. डांगर म्हणजे आपलं खरबूज. तिने माझ्या पायाकडे पाहिलं.

"कथा जानं शे, माय?"

मी चांभाराकडे बोट दाखवलं. तिने एका हाताने पाटी धरली, दुसऱ्याने माझा हात पकडला.

"गाडीसकडे देखू नको. मनाकडे देख."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर गोंदलेले हिरवे ठिपके होते, ते मला आजही दिसतात. पलीकडे पोचल्यावर तिने हात सोडला आणि मी आभार मानेपर्यंत ती गर्दीत गेलीसुद्धा. आमच्याकडे महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय की समोरच्या घरच्या बारशालाही आम्ही गाडी काढून जातो. रस्ता ओलांडायला कुणीतरी माझा हात धरला, त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

जळगाव

अक्कांचं घर जुन्या महामार्गाला लागून. गॅलरीत उभं राहिलं की खाली रस्ता आणि समोर सरूबाईचं निळ्या दाराचं बैठं घर. मी आल्या आल्या अक्कांनी पाणी दिलं, चहा दिला आणि गॅलरीत नेऊन रस्ता दाखवला. नवीन घर घेतलेली माणसं खोल्या दाखवतात ना, अगदी तशा.

"हा बघा. आता कसा झालाय!"

पूर्वी इथून देशभरचे ट्रक जायचे. मग गावाबाहेरून वळणरस्ता झाला, अवजड गाड्या तिकडे गेल्या, आणि गावातला हा रस्ता नव्याने बांधायला घेतला. आमच्याकडे रस्ता सुधारला म्हणजे तो रुंद झाला असं समजतात. इथे मोटारींची जागा उलट कमी केली होती. दोन्ही बाजूंना ऐसपैस पदपथ, त्याच्या आत सायकलींची वेगळी पट्टी, केळीच्या हातगाड्यांना उभं राहायला खाचा, कडेने झाडांची रोपं. ओलांडायची जागा पदपथाइतकीच उंच केलेली, म्हणजे माणसाला खाली उतरावं लागत नाही, गाडीलाच चढावं लागतं. भावाभावांत वाटणी व्हावी तसा तो रस्ता सगळ्यांना वाटून दिला होता. काम अजून पुरं व्हायचं होतं, पण अक्कांच्या घरासमोरचा तुकडा तयार होता.

आणि त्या ओलांडायच्या जागेच्या मधोमध एक जुना कडुनिंब. त्याच्याभोवती दगडी ओटा. एका दमात ओलांडता आलं नाही तर माणसाने तिथे थांबावं, म्हणून ठेवलेला.

"हा निंब आमचा," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी जी हकीगत सांगितली ती मी इथे थोडक्यात देते.

अक्का आणि सरूबाई दोघी धरणगावकडच्या, शेजारशेजारच्या दोन गावांच्या. मधे नाला. आखाजीला दोन्ही गावच्या पोरी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींच्या गावाला शिव्या द्यायच्या. खऱ्या नव्हेत, सणाच्या. तुमचं गाव भित्रं, तुमचं गाव भुकेलं, असल्या. घसा बसला की दोन्ही बाजूंनी कोरड्या नाल्यात उतरायचं, मधोमध भेटायचं आणि आणलेलं खाणं वाटून खायचं. कुणी कुणाच्या काठावर जायचं नाही. पुढे दोघींची लग्नं जळगावातच झाली, घरं समोरासमोर आली. तेव्हा रस्ता अरुंद होता आणि निंब त्याच्या कडेला. दर आखाजीला दोघी त्या निंबाखाली भेटायच्या, शिव्या द्यायच्या, मांडे खायच्या. मग रस्ता रुंद झाला आणि निंब दुभाजकात अडकला.

"एका आखाजीला मी मांडे घेऊन निघाले होते," अक्का सांगत होत्या. "दुभाजकापर्यंत पोचले आणि अडकले. दोन्हीकडून ट्रक. पाय ठेवायला वीतभर जागा. हातात ताट. सरू तिकडून ओरडायची, मला ऐकू यायचं नाही. शेवटी एका माणसाने मला परत आणून सोडलं. मांडे उन्हाने वाळून पापड झाले होते. तेव्हापासून मी पायी गेले नाही."

मग त्या रिक्षाने जाऊ लागल्या. रिक्षा पार पुढच्या पुलाखालून वळसा घालून येई. शिव्या फोनवर दिल्या जात.

आता रस्ता तयार होता, सिग्नल होता, ओटा होता. अक्कांचे पाय तयार नव्हते. संध्याकाळी आम्ही तालमीला म्हणून खाली उतरलो. चालायचा हिरवा दिवा लागला, गाड्या थांबल्या. एक म्हातारे गृहस्थ नातवाच्या तीनचाकीला ढकलत आरामात पलीकडे गेले. अक्कांनी माझा दंड धरला, एक पाऊल टाकलं आणि मागे फिरल्या.

"उद्या बघू," म्हणाल्या.

धरणगावच्या बाजूला

मांडे म्हणजे पुरणपोळीच, पण तव्यावर मावणारी नव्हे. ती हातांवर झेलत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजायची. अक्कांचं खापर तडकलं होतं. "जळगावात मिळतं, पण मला माहेरच्या कुंभाराचंच लागतं," असं म्हणून त्या मला घेऊन एसटीत बसल्या.

वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची उघडी काळी शेतं, पेरणीची वाट बघत पडलेली. आमच्याकडे नजर टाकावी तिथे झाड आडवं येतं, इथे नजर जाते ती जातच राहते. मला आधी ते भकास वाटलं. परतताना आवडायला लागलं होतं.

गावात निंबांना झोके बांधलेले. माहेरी आलेल्या पोरी, अगदी लेकरांच्या आयासुद्धा, उभ्या राहून झोका चढवत होत्या. अक्कांचे आईवडील, भाऊ कुणी आता राहिलेलं नाही. तरी कुंभारणीने त्यांना "आत्या" म्हणून हाक मारली आणि खापराबरोबर एक छोटी घागर तशीच दिली. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची असते. अक्कांनी ती पदराखाली घेतली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले.

परतताना त्या मला नाल्यावर घेऊन गेल्या. पाण्याचा टिपूस नव्हता, नुसती वाळू. मी म्हटलं, "एवढासा? हा तर मी उडी मारून ओलांडीन."

"ओलांडायचा नसतोच," अक्का म्हणाल्या. "मधे भेटायचं असतं."

बसमध्ये त्या खापर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना समजावत होते की उद्या गाड्या थांबतील, दिवा असेल, मी असेन. त्या मान हलवत होत्या, पण बोटं खापराच्या कडेवरून फिरत होती.

आखाजी

सकाळी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, नैवेद्य झाला. मग अक्का मांडे करायला बसल्या. गुडघे दुखतात म्हणणारी ही बाई पिठाचा गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत असा फिरवत होती की मी तोंडात बोट घातलं. मीही एक करून पाहिला. तो खापरावर पोचायच्या आधी माझ्या मनगटावरच फाटला. अक्का इतक्या हसल्या की दोन दिवसांची भीती जरा निवळली. "तुम्ही रस काढा, विहीणबाई. तो तुमचा प्रांत!" आंब्याच्या बाबतीत मला कुणी आव्हान देऊ नये. केसर आंबा हापूसच्या पंगतीला बसत नाही, हे मी रस चाखून होईपर्यंतच म्हणू शकले.

ऊन कलल्यावर निघालो. अक्कांच्या हातात मांड्यांचं ताट, वर पांढरं फडकं. माझ्या हातात रसाचा डबा. खाली त्यांचा नेहमीचा रिक्षावाला उभा होता. "अक्का, आता तुम्ही पायी जायला लागल्या तर मला विसरणार!" त्याने चिडवलं. अक्कांनी ऐकलंच नाही.

हिरवा दिवा लागला. मी त्यांचा हात धरला आणि धुळ्याच्या त्या बाईचं वाक्य मला येईल तसं म्हणाले, "गाडीसकडे देखू नका. माझ्याकडे देखा." अक्का चालल्या. एकेक पाऊल, पण चालल्या. निंबाच्या ओट्यापर्यंत आलो आणि दिवा बदलला. आम्ही ओट्यावर थांबलो. गाड्या सुटल्या. ट्रक नव्हते, मोटारी आणि दुचाक्याच होत्या, त्याही बेताने जात होत्या. तरी अक्कांचा हात गार पडला. त्यांनी ताट छातीशी धरलं. पुन्हा हिरवा दिवा लागला, गाड्या थांबल्या. अक्का हलल्या नाहीत. पुन्हा लाल झाला.

"मला परत न्या," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, मला परत न्या."

नेलं असतं तर ते कायमचंच झालं असतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. तेवढ्यात समोरचं निळं दार उघडलं. काठी टेकत एक ठेंगणी बाई पदपथावर आली. सरूबाईच. तिने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं आणि गाड्या थांबल्या थांबल्या खणखणीत आवाजात सुरू केलं.

"का वं, भित्र्या गावनी! पाय लाकडना शेत का तुना? उभी का ऱ्हायनी?"

थांबलेल्या रिक्षातली माणसं वळून बघायला लागली. अक्कांची मान ताठ झाली.

"आन् तू वं भुकेल गावनी!" त्यांनी ओरडून उत्तर दिलं. एवढा आवाज त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. "मना मांडे देखीसन भाहेर ऊनी का? हिंमत शे तर ये ना मधमा!"

"येस ना! तुले काय भेस का मी?"

आणि सरूबाई आली. काठी पुढे, मग एक पाय, मग दुसरा. तोंडाची टकळी चालूच. दिवा बदलायच्या बेतात होता, पण पुढच्या दुचाकीवाल्याने हात आडवा करून मागच्यांना थांबवून धरलं. सरूबाई ओट्यावर पोचली, तेव्हा अक्कांनी ताट माझ्या हातात दिलं आणि तिला कवेत घेतलं. दोघी रडत होत्या आणि एकमेकींच्या गावाला नावं ठेवत होत्या.

मग त्यांनी जे केलं ते या दोघींखेरीज कुणी केलं नसतं. त्या निंबाखाली ओट्यावर फतकल मारून बसल्या. ताटावरचं फडकं काढलं, रसाचा डबा उघडला आणि जेवायला लागल्या. दोन्ही बाजूंनी वाहतूक जात होती. पुन्हा पुन्हा हिरवा दिवा लागत होता आणि दोघींपैकी कुणी उठत नव्हतं. शेवटी चौकातला वाहतूक पोलीस आला. बिचारा नम्रपणे म्हणाला, "आजी, हे बसायला नाहीये. इथे क्षणभर थांबून पलीकडे जायचं असतं."

"आमले पल्याड कोठे जानं शे, भाऊ?" सरूबाई म्हणाली. "आमले अठेच भेटनं व्हतं. बैस. मांडा खाय."

तो संकोचला. मग टोपी काढून मांड्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि आपल्या जागी गेला. मी तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. जन्मात इतकं गोड काही खाल्लं नव्हतं, आणि त्यात रसाचा वाटा थोडाच होता.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाईचा मुलगा गाडी घेऊन आला. माझीही दुपारची गाडी होती. अक्का देवापुढे बसून होत्या. मी म्हटलं, "चला, सोडून येऊ."

"तुम्ही इथेच थांबा," त्या म्हणाल्या.

मी गॅलरीतून पाहिलं. त्या खाली उतरल्या. दिवा लागला. समोरून ओरडायला कुणी नव्हतं, सरूबाई गाडीत सामान ठेवून घेत होती. अक्का चालल्या, निंबापाशी थांबल्या, खोडाला हात लावला आणि पुढे निघाल्या. नव्या रस्त्यावर पहिल्यांदा त्या पार पलीकडे गेल्या. तिथे दोघी बराच वेळ बोलल्या. मग गाडी गेली आणि अक्का निळ्या दारापाशी उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांनी रस्ता ओलांडता आला, आणि पलीकडचं माणूसच गेलं. त्यांनी मूठ उघडली. आत किल्ली होती.

"अंगणात तिचा मोगरा आहे," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली, आता तुनं काम शे. रोज येजो, पानी टाकजो. नाहीतर सुरतेहून शिव्या देईन."

चिपळूण

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. माझ्या दारासमोर महामार्गाचं काम चालूच आहे. समोरच्या काकूंकडे परवा मी लोणच्याची बरणी गाडीने वळसा घालून पोचवली, आणि परतताना मला फार राग आला, पूर्वी कधी आला नव्हता इतका. रस्ता म्हणजे पुढे जायची सोय, एवढंच मी आजवर समजत होते. समोर जायची सोयही त्यानेच करायची असते, हे मी जळगावात पाहून आले.

काल संध्याकाळी अक्कांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. एकटी बाई, वैशाखाचं ऊन, माझ्या मनात नको ते यायला लागलं. दिवे लावायच्या सुमाराला त्यांचाच फोन आला. धाप लागलेली, आवाज हसरा. माझ्याशी आजवर त्या जपून, पुस्तकी बोलत आल्या होत्या. काल विसरल्या.

"घाबरनी का वं माय?" त्या म्हणाल्या. "काही नही. पल्याड गयथू."